पाणी कुठवर आले होते?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. सांगलीत दोन फ्लॅट पाहिले आहेत, एक शामरावनगरात तळमजल्यावर आणि दुसरा कुपवाडला तिसऱ्या मजल्यावर. पहिला पाच लाखांनी स्वस्त आहे, दुसरा एमआयडीसीजवळ आहे, आणि एजंटाने अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर टोकन द्यायला सांगितले आहे, म्हणून तुझी झोप उडाली आहे. तू हिशेबी आहेस, कर्ज बुडवणारा नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. मात्र तुझ्या त्या लांबलचक मजकुरात चटई क्षेत्र आहे, पार्किंग आहे, मॉड्युलर किचन आहे, व्याजाचा दर तर दोन वेळा आहे. पाणी कुठवर आले होते, हा प्रश्न नाही. एजंटाचे एक वाक्य तेवढे आहे, की ‘2019 ला कंपाउंडपर्यंतच आले होते, आता येणार नाही’. हे वाक्य तू कोणतीही शंका न घेता उतरवून पाठवलेस, याचा मला राग आला. तो राग खरे तर तुझ्यावरचा नाही.

मी बँकेत तीस वर्षे काढली आणि त्यातली बरीचशी गृहकर्जाच्या टेबलावर. सातबारा, बिनशेती आदेश, तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल, मूल्यांकन, भोगवटा प्रमाणपत्र हे सारे मी लोकांकडून मागून घेतले आणि एका जरी कागदावर शिक्का पुसट असला तरी फाइल परत पाठवली. स्वतःचे घर मात्र 2007 साली अक्षय तृतीयेलाच घेतले. वैशाखातले कोरडे ऊन होते, हॉल थंडगार होता, आणि भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत नवा ऑइलपेंट मारलेला होता. ‘मुलांचे हात लागतात, पुसायला बरे,’ असे विकणारा म्हणाला आणि मला त्याची रसिकता आवडली. 2005 चा पूर जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. त्याला दोष देऊन काय उपयोग? विचारण्याचा पगार मी घेत होतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही विश्रामबागेत मेहुणीकडे होतो. आठ दिवसांनी कुलूप काढले, तर फ्रिज उताणा पडला होता, सागवानी कपाटाचे दार फुगून उघडत नव्हते, आणि चिखलाची रेघ माझ्या खांद्याला लागत होती. तुझ्या काकूने खरेदीखताची पाने दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली. पुढे महिनाभराने ऑइलपेंटचे पापुद्रे सुटले, तेव्हा खाली, जमिनीपासून दीड फुटावर, दुसरी, जुनी, तपकिरी रेघ सापडली. तीच 2005 ची. बारा वर्षे मी तिच्याच शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

म्हणून माझे सांगणे एकच आहे आणि ते तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. कोणत्याही घरात पाऊल टाकण्याआधी त्या गल्लीतल्या माणसांना विचार, पाणी कुठवर आले होते, आणि भिंतीवर बोट ठेवून दाखवा म्हणून सांग. ‘आले होते थोडेसे’ या उत्तराला काही अर्थ नाही. बोट ठेवले की मोजता येते. एजंटाला विचारू नकोस, मालकाला विचारू नकोस. समोरच्या भाडेकरूला विचार, मेडिकलवाल्याला विचार, पिठाच्या गिरणीवाल्याला विचार. गिरणीची मोटर कमरेएवढ्या ओट्यावर चढवलेली दिसली, तर विचारायचीही गरज नाही. विजेची मीटर पार्किंगमधून जिन्याच्या पहिल्या वळणावर गेली आहेत का, तेही पाहा. पाण्याचे पैसे ज्यांनी एकदा मोजले, ते आपली उत्तरे अशी बांधून ठेवतात.

‘आता येणार नाही’ हे कोण सांगतो? पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे, आणि 2005, 2019 व 2021 या तीनही वर्षी पाणी 50 फुटांच्या वर गेले. वर 105 टीएमसीचे, म्हणजे 105 अब्ज घनफुटांचे, कोयना धरण आहे, कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते, हरिपूरला सांगलीच्या तोंडाशीच वारणा येऊन भिडते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या नद्या भरलेल्या असल्या की आपल्या पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि ते मागे फुगते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून दर पावसाळ्यात वाद होतो, तो तज्ज्ञांना करू दे. घर घेणाऱ्याला तो वाद मिटेपर्यंत थांबता येत नाही. सांगलीचे पाणी धावत येत नाही, पायरी-पायरीने चढते, आणि बऱ्याचदा नदीच्या बाजूने न येता मागच्या नाल्यातून येते. आमच्याकडे ते दारातून आलेच नाही, आधी न्हाणीघराच्या मोरीतून वर आले. म्हणून नदी किती लांब आहे, हे मला सांगू नकोस. जवळचा नाला कुठे आहे, तो कुणी भराव टाकून बुजवला आहे का, आणि ड्रेनेजची पातळी तुझ्या मोरीच्या वर आहे की खाली, हे सांग. शामरावनगरात तर नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसाचे पाणी दिवसचे दिवस तुंबते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

कागदही पाहा, नको असे मी म्हणत नाही. जलसंपदा विभागाच्या पूररेषेच्या नकाशावर आपला गट नंबर शोध. निळी रेषा म्हणजे साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन्हींच्या मध्ये अटी असतात. पण ‘25 वर्षांतून एकदा’ ऐकून लोक समजतात की एकदा येऊन गेला म्हणजे चोवीस वर्षे सुट्टी. तसे नसते. दरवर्षी पंचविसात एक अशी शक्यता धरलीस, तर तुझ्या वीस वर्षांच्या हप्त्यांच्या काळात निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता शेकडा 56 निघते. लाल रेषेवर ती शेकडा 18 च्या आसपास येते. कॅल्क्युलेटर घेऊन बस आणि ताडून पाहा. हे गणित मी हजार कर्जदारांना करून दाखवायला हवे होते, पण फॉर्मवर तो रकाना नव्हता.

नकाशा तरी शेवटी कागदच. माझ्या शोध अहवालातही सारे निर्वेध होते. म्हणून पुन्हा तेच: पाणी कुठवर आले होते, बोट ठेवून दाखवा.

कुपवाडच्या फ्लॅटला पुराची भीती नाही, हे मान्य. तिथे रात्री अकराला जा. दिवसा वास येत नाही आणि रात्री येतो, अशा जागा औद्योगिक वसाहतीच्या कडेला असतात. बोअरचे पाणी तपासून घे, कारखान्यांचे सांडपाणी कोणत्या बाजूने वाहते ते चालत जाऊन बघ, आणि जमीन काळी आहे की मुरूम, हेही विचार. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते; पाया तसा केलेला नसेल, तर आषाढात दारे अडकू लागतात. एजंट हसेल. हसू दे. आणखी एक बारीक गोष्ट: रस्त्यावरून इमारतीत शिरताना पायऱ्या चढतोस की उतरतोस? डांबराचे थर चढून चढून रस्ते वर आले आहेत आणि जुनी जोती खाली राहिली आहेत. तुझ्या पाच लाखांच्या बचतीतले निम्मे त्या एका पायरीत जाईल.

विम्याचे लिहितो, कारण तुम्ही पोरे इथेच फसता. कर्जासोबत गळ्यात मारतात तो बहुधा तुझ्या जिवाचा विमा असतो, घराचा नव्हे. घराचा आणि आतल्या सामानाचा विमा वेगळा मागून घे आणि त्यात पूर लिहिला आहे का, ते स्वतः वाच.

मग काका स्वतः अजून त्याच घरात का, असे तू विचारशील. माझा मुलगा दर दिवाळीला विचारतो. 2021 ला पाणी पुन्हा गुडघ्याच्या वर आले, तेव्हाही त्याने विकायला लावले होते. तीन गिऱ्हाइके आली. हॉलमधली हातभर रुंद पट्टी मी मुद्दाम न रंगवता ठेवली आहे आणि तिच्यावर तीनही रेघांपुढे पेन्सिलीने साल लिहिले आहे. प्रत्येकाला आधी त्या भिंतीपाशी नेले आणि बोट ठेवून दाखवले. तिघेही चहा घेऊन गेले. मुलगा म्हणतो, रंग मारला असता तर एव्हाना आपण मिरजेत असतो. असतोही. पण मग त्या घरात बारा वर्षे पेपर वाचत बसणारा दुसरा कुणीतरी असता. याला हट्ट म्हण, की उशिरा सुचलेले शहाणपण म्हण, मला दोन्ही चालेल. मृगापूर्वी आम्ही धान्य माळ्यावर चढवतो, गादी पलंगासकट विटांवर ठेवतो आणि कागदपत्रे मेहुणीकडे पाठवतो. सवय झाली आहे. तुला ती लागू नये.

अक्षय तृतीयेला टोकन देऊ नकोस. मालक थांबत नसेल तर जाऊ दे. श्रावणात पुन्हा पाहू द्यायला जो तयार नाही, त्याच्या घरात श्रावण कसा असतो ते त्यालाच ठाऊक. तुझे म्हणणे असेल की भाडे भरतो आहे, चार महिने वाया जातील. चार महिन्यांचे भाडे किती होते ते काढ आणि एक फ्रिज, एक कपाट, एक दिवाण आणि घरभर पुन्हा रंग, यांची किंमत शेजारी लिही.

येत्या रविवारी सकाळी साडेआठला आमच्याकडे ये, सूनबाईला ड्युटी नसेल तर तिलाही आण. आधी माझी भिंत बघ, मग दोघे शामरावनगरात जाऊ. मोजपट्टी माझ्याकडे आहे. एजंटाला कळवू नकोस. त्या गल्लीतली गिरणी रविवारी दुपारपर्यंत उघडी असते, पहिल्यांदा तिथेच थांबू.

तुझा,
काका