ढोलकी कापली, पण पॅडवर हाताला सापडेना

घरचा स्टुडिओ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी सांगलीचा, कॉलेजला आहे. आमच्या गल्लीतल्या काकांची ढोलकी माईक लावून रेकॉर्ड केली, एबलटन लाइव्ह या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि ट्रान्झियंटवर (आवाज उसळतो त्या जागांवर) स्लाइस टू न्यू मिडी ट्रॅक केलं, म्हणजे लूपचे तुकडे करून पॅडवर लावले. पॅड भरले, पण वाजवायला गेलो की कुठला ठोका कुठंय तेच कळत नाही, घुमणारे ठोके एकावर एक चढतात, काही पॅडवर टिक् असा आवाज येतो. शेवटी पॅडच्या जागा बदलल्या तर मूळ लूपच वेडावाकडा वाजायला लागला. काय करू?

उत्तर : काकांना माईकसमोर बसवलंस हे आधी फार चांगलं केलंस, खरंच सांगतो, नाहीतर ज्याच्या त्याच्या गाण्यात तीच सॅम्पल पॅकमधली ढोलकी ऐकू येते.

आता पॅडचं बघू. ट्रान्झियंटवर कापताना लाइव्ह फक्त आवाज अचानक कुठे उसळला एवढंच बघतं आणि तिथे तुकडा पाडतं. मग पहिला तुकडा सी १ वर म्हणजे मिडी (कुठला सूर वाजवायचा हे आकड्यात सांगणारी पद्धत) नोट ३६ वर, दुसरा ३७ वर, असं लूपमध्ये जो आधी आला तो आधी या हिशेबाने खालच्या डाव्या कोपऱ्यातून वर लावत जातं. त्यामुळे लूपमध्ये 'ना' हा बोल चार वेळा आला असेल तर चार पॅड 'ना'चेच. ही चार बाय चारची सोळा पॅडची मांडणी लोकांच्या हातात बसली ती अकाईच्या एमपीसी ६० पासून, रॉजर लिनने डिझाइन केलेलं १९८८ चं मशीन, पण त्यावर कुठला आवाज कुठे ठेवायचा हे वाजवणाराच ठरवायचा आणि तेच तुलाही करायचंय.

तर तो ट्रॅक आधी डुप्लिकेट कर. लाइव्हने बनवलेल्या मिडी क्लिपमधल्या नोटा जुन्याच जागेवरचे तुकडे वाजवतात, पॅड हलवलास म्हणून लूप बिघडला. एक ट्रॅक लूपसाठी तसाच ठेव आणि दुसऱ्यावर बिनधास्त मोडतोड कर. एकसारख्या ठोक्यांतला सगळ्यात स्वच्छ ठेव, बाकीचे उडव, आणि उरलेले हाताप्रमाणे लाव, म्हणजे डाव्या पुडीचे (ढोलकीच्या चामड्याच्या तोंडाचे) ठोके डावीकडच्या दोन उभ्या रांगांत आणि उजव्या पुडीचे उजवीकडच्या दोन रांगांत. काकांचे हात जसे पडतात तशीच तुझी बोटं पडली की ठेका आपोआप सापडायला लागतो.

ठोके एकावर एक चढतात त्याला उपाय चोक ग्रुप, म्हणजे त्याच ग्रुपमधला नवा ठोका पडला की आधीचा तिथेच थांबतो. ड्रम रॅकची (सगळे पॅड एकत्र ठेवणाऱ्या लाइव्हच्या इन्स्ट्रुमेंटची) चेन लिस्ट उघड, आय-ओचं बटण दाबलं की प्रत्येक पॅडसमोर चोकचा रकाना दिसतो. बहुतेक व्हिडिओत सांगतात सगळे तुकडे एकाच ग्रुपमध्ये टाका, ते पूर्ण ड्रमसेटचा ब्रेक (गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा) कापलेला असेल तेव्हा ठीक आहे, ढोलकीला मात्र ते मारक आहे. ढोलकीत डावी पुडी घुमत असताना उजव्या हाताची बोटं वर चालू असतात, ती घुमक मधेच तुटली की ढोलकी राहतच नाही, पत्र्याचा डबा होतो. म्हणून डाव्या पुडीचे ग्रुप १ मध्ये, उजवीचे ग्रुप २ मध्ये, आणि दोन्ही हात एकदम पडलेला ठोका ग्रुप १ मध्ये. पॅडमधला तुकडा वाजवणारं सिम्पलर वन-शॉटवर आणि ट्रिगरवर ठेव, म्हणजे पॅडवरून बोट उचललं तरी घुमक पूर्ण वाजेल.

टिक् येतो कारण आवाजाची लाट शून्यावर नसताना तुकडा सुरू होतो किंवा संपतो. वन-शॉटमध्ये फेड इन एक-दोन मिलिसेकंद दे, शेवटी टिक् असेल तर फेड आउट जरा जास्त चालेल, पण सुरुवातीला दहा-पंधरा मिलिसेकंद देऊ नकोस, थापेची धारच जाते.

घिस्सा वेगळा सांभाळावा लागतो. तळवा घासत सूर वर चढतो तेव्हा सॉफ्टवेअरला मधेच नवीन ठोका आल्यासारखं वाटतं आणि त्याचे दोन तुकडे होतात. त्यासाठी लूप सिम्पलरच्या स्लाइस मोडमध्ये टाक, सेन्सिटिव्हिटी कमी कर, नको असलेल्या रेषेवर डबल क्लिक करून ती काढ, मग सिम्पलरच्या पट्टीवर राइट क्लिक करून स्लाइस टू ड्रम रॅक.

तरीही चालत्या ठेक्यातून कापलेल्या तुकड्यात आधीच्या ठोक्याची घुमक शिल्लक असतेच, ती कुठल्याच सेटिंगने नीट जात नाही. जमलं तर काकांना परत विनंती कर, एकेक ठोका सुटा, आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबून, हळू-मध्यम-जोरात असा वाजवून द्या म्हणावं. असं रेकॉर्डिंग असेल तर कापाकापीची निम्मी भानगडच संपते.

प्रश्न : ताई-दादा, मी एफएल स्टुडिओ हे म्युझिक सॉफ्टवेअर वापरते. शिकवणारे म्हणतात किक (ड्रमसेटमधल्या मोठ्या ड्रमचा ठोका) सी १ वर ठेव, मी ठेवते पण पॅड दाबला की वाजतच नाही. कंट्रोलर (पॅडचं यंत्र) बिघडलाय का?

उत्तर : नाही गं, कंट्रोलर ठणठणीत असणार. नोट नंबर ३६ ला लाइव्ह आणि लॉजिक ही सॉफ्टवेअर सी १ म्हणतात, एफएल त्याच नोटेला सी ३ म्हणतं. कुठलाही धडा बघताना नाव सोड आणि नंबर धर. एफपीसीत (एफएलमधल्या ड्रम पॅडच्या प्लगइनमध्ये) प्रत्येक पॅडची मिडी नोट बदलता येते, तुझ्या कंट्रोलरचा पॅड जो नंबर पाठवतो तोच तिथे दे. कंट्रोलरवर बँक ए ऐवजी बी चालू राहिली असेल तरी नंबर बदलतात, तेही बघून घे. वरच्या ढोलकीसारखं चोक हवं असेल तर एफपीसीत कट आणि कट बाय असे दोन आकडे असतात, एका पुडीच्या सगळ्या पॅडना दोन्हीकडे तोच आकडा द्यायचा, दुसऱ्या पुडीला वेगळा.