ग्राफवर कर्सर सरकवायचं काम सोडू का?

परभणीच्या एका मुलीचं पत्र आलंय, थोडक्यात असं. "सर, ईएनटीसीचा (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचा) डिप्लोमा करून सात महिने झाले वाळूजला एका कंपनीत अप्रेंटिस आहे. गाड्यांच्या स्विचची टेस्टिंग असते. स्विच दाबला की सॉफ्टवेअरमधे ग्राफ येतो, मी तो झूम करते, दोन कर्सर लावते, बाउन्स टाइम वाचते आणि एक्सेलमधे भरते. दिवसभर हेच. मागच्या आठवड्यात एकाच ग्राफवर माझं रीडिंग ४.२ मिलिसेकंद आलं आणि सीनियरचं ६, तर सगळ्यांसमोर बोलले की एवढं पण जमत नाही का. सॅम्पलिंग १००० वर सेट आहे, ते कुणी बदलत नाही. पप्पा म्हणायलेत रेषा सरकवायला डिप्लोमा केलता का. मैत्रिणी पुण्यात जावाचा क्लास लावायल्यात. मी पण सोडून जाऊ का?"

बेटा, सोडायचं का नाही ते नंतर बघू, आधी ते ४.२ आणि ६ चं मिटवू. सगळ्यांसमोर बोलणं खायला लागलं ते वाईटच झालं, पण त्या ग्राफवर नेमकं काय घडलं ते तुला कुणी समजावून सांगितलेलं दिसत नाही, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

स्विचचे दोन कॉन्टॅक्ट एकमेकांवर आदळले की लगेच चिकटून बसत नाहीत, लोखंडी फाटक जोरात लावलं की दोनचार वेळा खडखडून मग बसतं तसं काही मिलिसेकंद जोड-तोड जोड-तोड चालतं आणि मग १२ व्होल्टची रेष सरळ होते. या खडखडीला बाउन्स म्हणतात, ती चालते तेवढा वेळ म्हणजे बाउन्स टाइम. पूर्ण १० सेकंदाचा ग्राफ समोर असला की हे काहीच दिसत नाही, फक्त एक उभी भिंत दिसते, कारण दहा हजार ठिपके हजारभर पिक्सेलच्या रुंदीत कोंबलेले असतात, एकाच पिक्सेलवर दहा-दहा ठिपके. म्हणून आपण झूम करतो, भिंत फाकते आणि आतली खडखड बाहेर येते. इथपर्यंत तुला येतंच.

आता पुढचं नीट वाच. सॅम्पलिंग १००० म्हणजे सेकंदाला हजार ठिपके, दर १ मिलिसेकंदाला एक. कार्डाने, म्हणजे व्होल्टेज मोजून कॉम्प्युटरला देणाऱ्या सर्किटने, खरं काय मोजलं ते फक्त त्या ठिपक्यांवर आहे, दोन ठिपक्यांच्या मधली रेष सॉफ्टवेअरने आपल्याला बघायला सोपं जावं म्हणून ओढलेली असते, तिथं मोजलेलं काहीच नसतं. मग ४.२ मधला .२ आला कुठून? तर बहुतेक तुझा कर्सर फ्री होता, तू झूम करून करून आत गेलीस, रेष वर चढायला लागली असं डोळ्याला जिथं वाटलं तिथं कर्सर टेकवलास आणि सॉफ्टवेअरने इमानदारीत त्या जागेचा आकडा दाखवला. कर्सर ठिपक्यावर आहे का ओढलेल्या रेषेवर, हे तो आपणहून सांगत नाही, त्याला विचारावं लागतं.

तुमच्याकडं लॅबव्ह्यू नावाचं मोजमापाचं सॉफ्टवेअर असेल तर कर्सरच्या यादीत फ्री, सिंगल-प्लॉट आणि मल्टी-प्लॉट असे मोड असतात, सिंगल-प्लॉट केलं की कर्सर त्या प्लॉटला बांधला जातो आणि एका ठिपक्यावरून दुसऱ्यावरच उडी मारतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे याला स्नॅप म्हणतात. आणि प्लॉटच्या सेटिंगमधे जाऊन ठिपके दिसतील असं करून घे, नुसती रेष बघू नको. पहिल्यांदा ठिपके चालू करशील तेव्हा चकित होशील, ज्या बाउन्सवर तुम्ही दोघं भांडलात तिथं मोजून पाच-सहा ठिपके असतील. आणि एखादी खडखड १ मिलिसेकंदापेक्षा लहान असली आणि दोन ठिपक्यांच्या मधेच होऊन गेली तर ती ग्राफमधे आलीच नाही, किती पण झूम कर, जे पकडलंच नाही ते कुठून दिसणार.

सीनियरचे ६ पण तपासायला पाहिजेत बरं का. रेष १२ व्होल्टच्या जवळ गेल्यावर पण एखादी बारीक लहर राहते, त्यांनी ती धरली असेल, तू नसेल धरली. खरा प्रश्न हा आहे की बाउन्स संपला असं कधी म्हणायचं. त्याची व्याख्या टेस्ट स्पेसिफिकेशनमधे, म्हणजे टेस्ट कशी करायची ते लिहिलेल्या कागदात, असायला पाहिजे, उदाहरणार्थ रेष पहिल्यांदा १२ व्होल्टच्या १० टक्क्याच्या वर गेली तिथून शेवटच्या वेळी ९० टक्के ओलांडून वरच राहिली तिथपर्यंत. तुमच्या कंपनीत काय लिहिलंय ते बघ, टक्के वेगळे असतील, आणि लिहिलेलंच नसेल तर मग तुमच्या दोघांचं पण चुकलं नाही आणि दोघांचं पण बरोबर नाही. शिवाय दर १ मिलिसेकंदाला ठिपका असेल तर पहिला कर्सर पण १ पर्यंत हुकू शकतो आणि दुसरा पण, म्हणून एवढ्या छोट्या वेळेसाठी सॅम्पलिंग १००० पुरत नाही. कार्डाला झेपत असेल तर १०,००० किंवा ५०,००० वर एकदा घेऊन बघू का, एवढंच सीनियरला विचार. भांडायला जाऊ नको, एकटे असताना जा, एकाच झूमवर दोघांचे कर्सर लावलेला स्क्रीनशॉट ने, खाली ठिपके दिसू दे.

मी एवढं कळवळून का सांगतोय त्याला कारण आहे. मार्गदर्शनाच्या कामात यायच्या आधी मी अकरा वर्षं मेंटेनन्समधे होतो, आणि जालन्याच्या एका रोलिंग मिलमधे कूलिंगच्या पाण्याचा पंप आमच्या हातून फुकट तीन वेळा खोलला गेला. मोटर २९७० आरपीएमची, म्हणजे सेकंदाला ४९.५ फेरे. पंप थरथरत होता, व्हायब्रेशन अॅनालायझरवर स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे सेकंदाला किती वेळा (हर्ट्झ) होणारी थरथर किती जोराची आहे त्याचा ग्राफ, त्यात मोठा पीक म्हणजे सुळका आला, कर्सर लावला तर १०० हर्ट्झ. मी म्हणलं फिरण्याच्या दुप्पट, म्हणजे कपलिंगचं अलाइनमेंट गेलंय, मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नाहीत. अलाइनमेंट केलं, थरथर तशीच. परत केलं, तिसऱ्यांदा केलं, दोन दिवस पोरं उन्हात तेलाने माखलेली. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर वायरमन होते ते म्हणाले साहेब चालू मोटरचा करंट कापा आणि स्क्रीनकडं बघा. स्विच पाडला आणि तो १०० चा पीक क्षणात गायब, मोटर अजून जोरात फिरत होती. फिरण्यामुळं असता तर वेगासोबत हळूहळू उतरला असता. म्हणजे दुखणं विजेचं होतं, आपली विजेची लाईन ५० हर्ट्झ, तिच्या दुप्पट १००. मोटरचा एक पाय बेसवर नीट टेकत नव्हता, बोल्ट आवळला की बॉडीला पीळ बसत होता आणि रोटरभोवतीची हवेची फट एका बाजूला कमी व्हायची. त्या पायाखाली बरोबर जाडीचा शिम, म्हणजे पातळ पत्रा, टाकला आणि पंप शांत झाला.

आता यात कर्सरचं काय? फिरण्याच्या दुप्पट म्हणजे ९९ आणि विजेच्या लाईनच्या दुप्पट म्हणजे १००, फरक १ हर्ट्झचा. मी स्पेक्ट्रम घेतलता ० ते १००० हर्ट्झ, ४०० लाईनचा, म्हणजे त्या पट्ट्याचे ४०० भाग, दर २.५ हर्ट्झला एक ठिपका. कर्सर ९७.५ वरून थेट १०० वर उडी मारायचा, ९९ नावाची जागाच त्या ग्राफमधे नव्हती. मी झूम केलता, चांगला भरपूर केलता, पीक नुसता रुंद त्रिकोण होत गेला. ० ते २०० हर्ट्झ आणि १६०० लाईन घेतल्या असत्या तर ठिपका दर ०.१२५ हर्ट्झला पडला असता, ९९ आणि १०० वेगळे दिसले असते, त्याला मोजायला ०.४ सेकंदाच्या जागी ८ सेकंद लागले असते, एवढंच. आठ सेकंद न थांबल्यामुळं दोन दिवस गेले. त्या पोरांचे चेहरे मला अजून आठवतात.

म्हणून पप्पांना सांग, रेषा सरकवणं हे हाताचं काम दिसतं पण ती कुठं टेकवायची आणि तिथं टेकवायचा आपल्याला हक्क आहे का, हे ज्याला कळतं तो माणूस लवकर सापडत नाही. परळीचं थर्मल असो, साखर कारखान्यांची टर्बाइन असोत, जालन्याच्या मिल, शेंद्र्याच्या कंपन्या, जिथं काही फिरतंय किंवा तपासून पाठवावं लागतंय तिथं ग्राफ वाचणारा लागतोच. व्हायब्रेशनवाल्यांसाठी आयएसओ १८४३६-२ नुसार कॅटेगरी एक ते चार अशी परीक्षा असते, अनुभव जमला की कॅटेगरी एकपासून सुरुवात करता येते. कॅलिब्रेशनकडं, म्हणजे मोजायची यंत्रं बरोबर मोजतात का ते तपासायच्या कामाकडं, जायचं असेल तर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबमधे अनुभव घे, तिथं रीडिंगच्या बाजूला ते किती हुकू शकतं हे पण लिहावं लागतं, ती सवय आयुष्यभर पुरते. तुमच्या वाळूजलाच मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे, संभाजीनगरात इंडो जर्मन टूल रूम आहे, इलेक्ट्रॉनिक्स-आयटी शिकवणारी सरकारी संस्था नाइलिट आहे, सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांच्याकडं कोणते कोर्स आणि कोणती मशीन आहेत ते स्वतः विचारून ये, फोनवर कुणी नीट सांगत नाही.

आता जावाचं. मैत्रिणी चुकीचं करायल्यात असं मी म्हणणार नाही, ज्याला आवड आहे त्याने जावंच. पण तू पत्रात कुठं पण लिहिलं नाहीस की तुला कोडिंग आवडतं, तू लिहिलंस की बोलणं खावं लागलं आणि मैत्रिणी गेल्या. या दोन गोष्टींवरून लाईन बदलू नये. अप्रेंटिसचं वर्ष पूरं कर, पाच महिने राहिलेत. कोड शिकायचाच असेल तर पायथन शिक, कारण तो तुझ्या कामाला लगेच जोडता येतो, एक्सेलमधे हाताने भरतेस तेच आकडे पायथनच्या ग्राफ काढायच्या मॅटप्लॉटलिबमधे काढ, त्याच्या खिडकीत पण झूम आणि पॅनची बटणं असतात, आणि १० टक्के ते ९० टक्के शोधायचा छोटा प्रोग्रॅम लिहिलास की शंभर ग्राफचं रीडिंग एका व्याख्येने निघेल. ज्या दिवशी ते जमेल त्या दिवशी तू डेटा भरणारी राहणार नाहीस. डिग्री करायची इच्छा असेल तर डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहेच, तो रस्ता कुठं जात नाही. आणि वर्षभरानंतर पण कंपनी तुला कार्ड, सेटिंग, कॅलिब्रेशन कशालाच हात लावू देत नसेल तर खुशाल सोड, पण दुसऱ्या टेस्ट लॅबमधे जा.

घरी सरावाला खर्च नाही. फोनमधे फायफॉक्स नावाचं अॅप घे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलंय, फुकट आहे. त्यात अॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम उघड आणि परभणीला गेलीस की कूलरच्या बॉडीवर पाण्यापासून लांब फोन ठेव. पीक येईल, त्याला बोट लावून आकडा वाच, साठने गुण, पंख्याचे आरपीएम निघतील. सॅम्पल कमी-जास्त करून बघ, पीक कसा जाड बारीक होतो ते बघ. फोनचा सेन्सर सेकंदाला किती वेळा मोजतो ते पण तपास, १०० वेळा मोजत असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं त्यात खरं दिसणार नाही, उलट वरचं दुखणं खाली भलत्याच जागी पीक होऊन दिसेल. दुसरं ऑडॅसिटी, ते पण फुकट, कॉम्प्युटरवर पंपाचा आवाज रेकॉर्ड कर, तुकडा निवड, प्लॉट स्पेक्ट्रम काढ. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या रेकॉर्डिंगला साइज, म्हणजे एका वेळी घ्यायचे सॅम्पल, १०२४ ठेवली तर ठिपके दर ४३ हर्ट्झला पडतात, ६५,५३६ केली तर दर ०.६७ हर्ट्झला. एकाच आवाजाचे दोन ग्राफ शेजारी ठेवून एकदा बघितलेस की माझ्या पंपाची गोष्ट आपोआप कळेल.

एक गोष्ट राहिली, ऑटोस्केल, म्हणजे सॉफ्टवेअर अक्षावरचे आकडे आपणहून बदलतं ते. स्थिर १२ व्होल्टच्या रेषेवर झूम केलं आणि वाय अक्ष ऑटोवर असला तर ०.०२ व्होल्टची कुरकुर पण डोंगराएवढी दिसते, नवीन मुलं घाबरून स्विच फेल लिहितात. कर्सर लावायच्या आधी दोन्ही अक्षांवरचे आकडे तोंडाने वाचायचे, मोठ्याने वाचलं तरी चालेल, कुणी हसलं तर हसू दे.

सोमवारी गेलीस की आधी टेस्ट स्पेसिफिकेशनची फाईल मागून घे आणि बाउन्सची व्याख्या शोध. मग त्याच स्विचचा ग्राफ एकदा १००० वर आणि एकदा १०,००० वर घे, परवानगी घेऊनच, ठिपके चालू ठेवून, कर्सर प्लॉटला बांधून. कंपनीचा डेटा बाहेर पाठवू नको, मला फक्त दोन आकडे कळव, आधी किती आला आणि मग किती आला.