विदर्भातील मंदिरशिल्प वाकाटकांपासून यादवांपर्यंत कसे बदलत गेले?

नागपूरजवळच्या रामटेकच्या टेकडीवरून सुरुवात करावी. तेथील वाकाटककालीन, ५ व्या शतकातील केवल नरसिंह मंदिर बुटके आणि सपाट छताचे आहे. सारा भर आत चक्र धरून बसलेल्या नरसिंहाच्या भव्य मूर्तीवर आहे. पुढे शिखरे उंचावली आणि शिल्पे गाभाऱ्यातून बाहेरच्या भिंतींवर आली, ज्याचे सर्वांत देखणे रूप वैनगंगेकाठच्या मार्कंडा येथे दिसते. यादवकाळात दगडांना खाचा पाडून ते चुन्याशिवाय एकमेकांत बसवण्याचे तंत्र सर्वत्र रूढ झाले. मात्र त्याचे जनकत्व १३ व्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याला देता येत नाही, कारण याच तंत्राने बांधलेले ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर त्याच्या आधीचे, १०६० मधील आहे.