बर्फावरचं डावं वळण

बडोदे

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रोलरवर राज्यापर्यंत मजल मारलीस, आता शॉर्ट ट्रॅकमध्ये, म्हणजे बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवरच्या स्केटिंग शर्यतींत, चॅम्पियन व्हायचंय, आणि पहिला प्रश्न काय, तर स्केट कोणते घेऊ? स्केटकडे येतो. त्याआधी वळण समजून घे, कारण या खेळात सगळं तिथेच ठरतं.

शॉर्ट ट्रॅकचा एक फेरा 111.12 मीटरचा असतो, 60 बाय 30 मीटरच्या रिंकवर आखलेला. दोन सरळ बाजू प्रत्येकी 28.85 मीटरच्या. उरलेले साधारण साडेत्रेपन्न मीटर वळणात जातात आणि दोन्ही वळणं डावीकडेच. 1500 मीटरच्या शर्यतीत साडेतेरा फेरे, म्हणजे सत्तावीस वळणं. तुझी सवय 200 मीटरच्या, कडेने उचललेल्या ट्रॅकची. तिथे ट्रॅकच तुला आत ढकलतो. बर्फ सपाट असतो, आत वळवायला एका मिलिमीटरच्या आसपासच्या पात्याशिवाय कुणी नाही.

आता हिशोब बघ. वळणाची त्रिज्या 10 मीटर धरू. 12 सेकंदांचा फेरा मारलास तर वळणात शरीर सुमारे 41 अंश कलतं आणि पायावर वजनाच्या सव्वापटीहून थोडा जास्त भार येतो. 9 सेकंदांचा फेरा मारायचा तर कल 57 अंशांवर जातो आणि भार पावणेदोन पटीच्या वर. तुझं वजन 50 किलो असेल, तर 66 किलोवरून 92 किलो, तेही एका वेळी एकाच पायावर आणि गुडघा वाकलेला असताना. फेरा तीन सेकंदांनी कमी होणं म्हणजे नुसतं जोरात पाय मारणं नव्हे, हे यावरून लक्षात येईल. बर्फावर गेल्यावर हा पाय तयार करायला वेळ मिळत नाही. तो बडोद्यातच तयार करून न्यायचा.

घरी काय करायचं ते सांगतो. सुताराकडून आठ फुटी प्लायवर सनमायका लावून घे, दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोक. पट्ट्यांमधलं अंतर सुरुवातीला सहा फूट. बुटांवर लोकरीचे मोजे चढवायचे आणि एका टोकाकडून दुसरीकडे घसरायचं. तीस सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती, असं आठ वेळा. पाच मिनिटं थांबून पुन्हा आठ. सहाव्या-सातव्या वेळी गुडघे सरळ व्हायला लागतात आणि कंबर वर येते. तिथे थांबायचं. उभ्या कंबरेने केलेली आवर्तनं शरीराला चुकीचंच शिकवतात. समोर आरसा नसेल तर मोबाईल कंबरेच्या उंचीवर ठेवून चित्रीकरण कर.

दुसरं, पट्ट्याचा व्यायाम. सीटबेल्टसारखी रुंद पट्टी कंबरेला नाही, कुल्ल्यांवर घे. जोडीदाराने उजव्या बाजूला उभं राहून पट्टी ताणून धरायची, तू डावीकडे कलायचं आणि उजवा पाय डाव्यावरून टाकत डावीकडे सरकायचं. नव्या मुलांची इथे ठरलेली चूक होते: उजवा पाय छान ओलांडतात आणि डावा नुसता उचलून पुढे ठेवतात. डाव्या पायाने उजव्याच्या खालून, बाहेरच्या कडेवर, शेवटपर्यंत ढकलायचं असतं. वळणातला निम्मा जोर या खालच्या ढकलण्यात आहे आणि तो प्रेक्षकांना दिसत नाही, म्हणून मुलंही विसरतात. ढकलून झाल्यावर डावा पाय पूर्ण ताठ झाला का, एवढंच जोडीदाराला बघायला सांग.

जुम्मादादांच्या व्यायाममंदिराकडे पाय वळले तर मल्लखांब जरूर कर. कंबर आणि पोट वळणात स्थिर ठेवायला त्याच्याइतकी स्वस्त आणि चांगली तयारी दुसरी नाही. पावागडच्या पायऱ्या चढ, पण उतरताना रोपवेने ये. गुडघ्यांचं नुकसान उतरताना होतं. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर बाहेर काही करू नकोस. आणि आठवड्यातून एकदा पट्ट्याचा व्यायाम मुद्दाम उजवीकडे कर. हा खेळ शरीर एका बाजूला ओढतो, पाठ त्याची वसुली नंतर करते.

आता स्केट. नवे, मापाचे कार्बन बूट आणि वरच्या दर्जाची पाती घेतलीस तर खर्च लाखाच्या घरात जातो, आणि तुझा पाय अजून वाढतोय. पहिली जोडी जुनी घे. बूट घट्ट हवा, टाच आत जराही उचलली जाता कामा नये. पातं टाचेला आणि पुढे, दोन्हीकडे पक्कं बसवलेलं असतं. लांब ट्रॅकवर टाच सुटी होणारं पातं असतं, ते इथे चालत नाही. दोन्ही पाती बुटाच्या मध्यावर नसतात, डावीकडे सरकवलेली असतात. नाहीतर कललं की बुटाची कड बर्फाला टेकते, पात्याची पकड सुटते आणि तू थेट रिंकच्या कडेच्या गादीवर. बोल्ट सैल करण्याआधी पेनने जुनी जागा आखून ठेव. पातं एका वेळी एक-दोन मिलिमीटरच हलवायचं आणि एका दिवसात एकाच पायाचं. दोन्ही हलवलीस तर काय सुधारलं आणि काय बिघडलं, ते कळणारच नाही.

पात्याला लांबीत हलकी गोलाई असते, तिला रॉकर म्हणतात. शिवाय ते वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलं असतं. हे दोन्ही जाणकार माणसाकडून, गेज म्हणजे मोजमापाचं साधन लावूनच करून घ्यायचं. धार मात्र स्वतः लावायची. दुसऱ्याच्या हातून धार लावून घेणारा खेळाडू आपलं पातं कधी ओळखत नाही, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही पाती जिगमध्ये, म्हणजे पाती घट्ट धरणाऱ्या चौकटीत, उलटी, समांतर बसव. जाड दगड दोन्ही पात्यांवर एकदम टेकव आणि टोकापासून टोकापर्यंत सारख्या दाबाने फिरव. दाब एका बाजूला गेला की तळ तिरपा होतो आणि एक कड बोथट राहते. तळ सपाट, कडा काटकोनात. फिगर किंवा हॉकीच्या पात्यासारखी खाच इथे नसते. थोड्या वेळाने पात्याच्या बाजूवर बोट आडवं फिरवलंस की उलटून आलेली बारीक पत्री लागेल, तिला बर म्हणतात. ती टोकापासून टोकापर्यंत सलग लागली की जाड दगड ठेवायचा आणि बारीक घ्यायचा. शेवटी बर काढायचा छोटा दगड पात्याच्या बाजूला पूर्ण सपाट टेकवून हलकेच फिरव. तो जरा जरी तिरपा धरलास तर अर्ध्या तासाची मेहनत एका झटक्यात जाते. नखावर कड ओढून बघ, पांढरा कीस निघाला की झालं. नंतर पुसून कोरडं कर. प्लास्टिकचं कव्हर फक्त चालण्यापुरतं. बॅगेत ठेवताना कापडी. बडोद्याच्या दमट हवेत प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या पात्याला एका रात्रीत गंज चढतो.

संरक्षणाच्या साहित्यात काटकसर नको. हेल्मेट, न कापला जाणारा सूट, नडगीचं आवरण, हातमोजे आणि गळ्याचं आवरण. उत्तरायणात स्कूटरवर मांजाच्या भीतीने गळ्याला जे गुंडाळतेस, तसंच हे, फक्त इथे धोका वर्षभर. अमेरिकेच्या जे. आर. सेल्स्कीची मांडी 2009 च्या निवड शर्यतीत त्याच्या स्वतःच्याच पात्याने कापली गेली. पुढच्या वर्षी व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये त्याने 1500 मीटरचं कांस्य जिंकलं, पण तू त्यातला पहिला भाग लक्षात ठेव. डाव्या हातमोज्याच्या बोटांच्या टोकांना कडक गुळगुळीत टोप्या लागतात, कारण वळणात तो हात बर्फाला टेकतो. टेकतो म्हणजे नुसता स्पर्श. त्यावर भार दिलास तर पायावरचा भार जातो आणि पातं सुटतं.

बर्फाच्या जागा आपल्याकडे मोजक्याच. डेहराडूनला पूर्ण आकाराचं रिंक आहे. लेहला जानेवारी-फेब्रुवारीत नैसर्गिक बर्फ असतो, खेलो इंडियाच्या बर्फावरच्या स्पर्धाही तिथेच झाल्या. गुरुग्रामच्या मॉलमधलं रिंक लहान आहे, तोल साधायला चालेल, फेऱ्यांना नाही. लेहचा हंगाम तुझ्या बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर येतो. बारावीच्या वर्षी लेह सोड. एका हिवाळ्याने खेळ बुडत नाही, आणि घरचे तुझ्या बाजूने राहणं पुढे जास्त उपयोगी पडेल.

पहिल्या खेपेला घड्याळ बॅगेतच ठेव. आधी पडायला शीक. पाय सुटले की बसल्यासारखं खाली जायचं, दोन्ही पाती बर्फापासून वर उचलायची आणि पाठ गादीकडे करायची. हाताने सावरायला गेलीस तर मनगट जातं, पातं बर्फात रुतलं तर घोटा. मग एका पायावर घसरणं: डावा पाय बाहेरच्या कडेवर, उजवा आतल्या कडेवर, मोठ्या वर्तुळातून हळूहळू लहान वर्तुळाकडे. रोलरची एक सवय इथे नडेल. रोलरवर शेवटचा जोर बोटांकडून जातो. इथे तसं केलंस तर पात्याचं टोक बर्फात रुततं आणि वेग कमी होतो. भार पायाच्या मध्यावर, किंचित टाचेकडे राहू दे.

शर्यतीची अक्कल सर्वांत शेवटी येते, पण तिचा अभ्यास घरी बसून करता येतो. वळणात पुढच्याच्या बाहेरून एक मीटर दूर राहिलीस तर त्या वळणात 3.14 मीटर जास्त कापावे लागतात. फेराभर तेच केलंस तर सव्वासहा मीटर, म्हणजे अर्धा सेकंद गेला. म्हणून बाहेरून पुढे जायचं तर अंगात वेग शिल्लक हवा. आतून जायचं तर पुढचा वळणातून बाहेर पडताना रुंद गेला पाहिजे, आणि त्यासाठी तू वळणात उशिरा, बाहेरून शिरून खुणेच्या ठोकळ्यांजवळून निघायला हवंस. नियमाने वाट पुढच्याची असते. धक्का लागला तर बहुतेक वेळा दोष ओलांडणाऱ्याच्या माथी. रेषेवर पात्याचं टोक आधी पोचणारा जिंकतो, पण पातं बर्फावरून उचलून लाथेसारखं पुढे फेकलंस तर दंड बसतो.

2002 मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा स्टीव्हन ब्रॅडबरी 1000 मीटरच्या अंतिम फेरीत सगळ्यात मागे होता. शेवटच्या वळणावर पुढचे चौघे पडले आणि सुवर्ण त्याला मिळालं. लोक याला नशीब म्हणून हसतात. मला ते हसू पटत नाही. त्याच्याकडे पुढच्यांचा वेग नव्हता, पुढे घुसायची घाई आपल्याला नडेल हे त्याला माहीत होतं, म्हणून तो मुद्दाम मागे राहिला. ती शर्यत बघ, पण त्याच्याकडे न बघता पडणाऱ्यांकडे बघ: कोण कुठे आत घुसला, किती जागा होती.

रोलर सोडू नकोस. आनंदकुमार वेलकुमारने 2025 मध्ये रोलरच्या जागतिक स्पर्धेत 1000 मीटरचं सुवर्ण आणलं, तेव्हा बर्फ म्हणजे बढती आणि रोलर म्हणजे शिडी, असं समजायचं कारण नाही. अमेरिकेचा शॉर्ट ट्रॅकपटू अपोलो ओनोही रोलरवरूनच आला आणि त्याने तीन ऑलिंपिकमध्ये आठ पदकं घेतली. इटलीची अरियाना फोंताना पंधराव्या वर्षी, 2006 मध्ये, रिलेचं कांस्य घेऊन गेली आणि 2022 पर्यंत तिची अकरा ऑलिंपिक पदकं झाली. तिचं 500 मीटरचं पहिलं सुवर्ण मात्र 2018 चं. तू चार वर्षांचा आराखडा विचारलास. आधी दोन हिवाळ्यांचा कर. पहिल्यात दोन्ही कडा आणि पडणं. दुसऱ्यात सलग नऊ फेरे, ज्यात पहिला आणि नववा यांत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक नाही. ते जमलं की स्पर्धेचं बोलू.

तोवर मला पट्ट्याच्या व्यायामाचं वीस सेकंदांचं चित्रीकरण पाठव. मोबाईल समोरून, कंबरेच्या उंचीवर, आणि पाय चौकटीबाहेर जाता कामा नयेत. डावा पाय ताठ होतो का, ते बघून पुढचं सांगतो. आईबाबांना नमस्कार सांग.