वाडीवर फायबर : सहा हजार जास्त की रास्त?

प्रश्न : काका, आमची वाडी पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात, मूळ गावापासून साडेतीन किलोमीटर वर. गावात फायबर आलंय. वाडीवर आणायचं तर ऑपरेटर १८ घरांकडून प्रत्येकी ६,००० रुपये मागतो, शिवाय महिना ४००. त्याच्या कागदावर केबल, जोड, घरातल्या पेट्या, मजुरी मिळून ९३,००० आणि ‘अंतर जास्त म्हणून वेगळं मशीन’ १५,००० लिहिलंय. त्याचं मशीन ढेबेवाडीत आहे, तिथून वाडी १२ किलोमीटर. कराडात बहिणीला कनेक्शन फुकट बसवून दिलं! हा लुटतोय का? आणि ग्रामपंचायतीतल्या भारतनेटमधून आम्हाला नाही का मिळणार?
— बचत गटाच्या एक सदस्या

उत्तर : ताई, मशीनचे १५,००० आधी खोडा. मी टेलिफोन खात्यात केबल जोडण्यात उमेदीची वर्षं घालवली, हा हिशेब बोटांवर आहे. फायबरमध्ये किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल (प्रकाशाची घट मोजायचं माप) प्रकाश कमी होतो, म्हणजे १२ किलोमीटरला चार-सव्वाचार. एका फायबरचा प्रकाश ३२ घरांत वाटणारा स्प्लिटर १७ खातो. जोड आणि कनेक्टरचे दोन-अडीच धरा. बेरीज २४ च्या आत राहते, आणि नेहमीच्या मशीनला २८ पर्यंतची घट चालते. ढेबेवाडीतल्या मशीनवर एक पोर्ट, म्हणजे केबल जोडायची जागा, मोकळा असला की झालं.

राहिलेले ९३,००० मात्र मला जास्त वाटत नाहीत, उलट कमीच वाटतात. केबल जमिनीतून न्यायची तर सरकारी मापाने १.६५ मीटर खोल चर लागतो. वाळव्याच्या काळ्या रानात जेसीबी भराभर पुढे जातो. तुमच्याकडे हातभर मातीखाली कातळ. ब्रेकर लावला की या पैशात चढही पार होणार नाही. म्हणजे हा केबल खांबांवरून लटकवणार. ५० मीटरला एक धरला तरी ७० खांब लागतात, आणि कागदावर एकही खांब नाही. याचा अर्थ लाईटचे खांब वापरायचा विचार दिसतो. परवानगी काढलीय का, विचारा. नसेल तर एखादा वायरमन केबल कापून खाली टाकेल, आणि बोलायची सोय उरणार नाही.

कराडात एका इमारतीत २० गिऱ्हाइकं मिळतात, म्हणून तिथं फुकट परवडतं. तुमच्याकडे १८ घरं, पण त्यांतली मुंबईकरांची किती? गणपती आणि शिमग्यालाच उघडणारी सात निघाली, तर महिन्याला पैसे देणारी उरतात ११. म्हणजे ४,४०० रुपये. त्यातच वरच्या कंपनीचा वाटा, वीजबिल आणि जोड मारायला येणाऱ्या पोराची मजुरी. ऑपरेटरचं पोट खरं इथं दुखतं. मुंबईकरांना एकरकमी वर्गणी मागा, ती ते देतील. पण दुरुस्तीचं आधी ठरवा. फाल्गुनात वणवा लागतो, केबलचं प्लास्टिक वितळतं. पावसात फांदी पडते. वानरं बारा महिने आहेतच. दर पाच-सहा खांबांवर केबलचं वेटोळं शिल्लक ठेवायला सांगा, तुटल्यावर ओढून घेता येतं. ते नसलं की एका तुटीला दोन जोड आणि मधे नवा तुकडा!

आता भारतनेट. २०११ साली मंजूर झालं तेव्हा उद्देश ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचा होता. तुमची वाडी ग्रामपंचायतीचं गाव नाही, म्हणून राहिली. पैसा कंपन्यांच्या महसुलातल्या पाच टक्क्यांतून येतो, म्हणजे तुमच्या रिचार्जमधूनही. आधी बऱ्याच ठिकाणी गावं एकाच ओळीत जोडली होती, वर तुटलं की खालची सगळी बंद. २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात गोलाकार जोडणी आणि दहा वर्षांची देखभाल आहे, आणि ग्रामपंचायत नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडायची तरतूद आहे. ग्रामसभेत ठराव करून मागणी पाठवाच. पण पोरांची परीक्षा त्याच्या भरवशावर ठेवू नका.

ऑपरेटरशी बोलणं ९३,००० वरच करा. घरटी ५,१६७ पडतात. निम्मे आत्ता, निम्मे सगळ्या घरांत चालू झाल्यावर. महिन्याचे ४०० जीएसटी धरून की वेगळे, तेही विचारा. वेगळे असतील तर ४७२ होतात. आणि घरातली पेटी कुणाच्या मालकीची, ते पावतीवर लिहून घ्या, ऑपरेटर बदलला की भांडण तिथूनच सुरू होतं.