वाचकांचे प्रश्न : शिडाचे जहाज आणि पनामा कालवा

प्रश्न : कॅरिबियन बेटे पाहून पनामा कालव्यातून जाणाऱ्या शिडाच्या जहाजाची सहल आम्ही ठरवीत आहोत. कालव्यातही जहाज शिडांवरच चालते का?

उत्तर : नाही. डिसेंबर ते एप्रिल या काळात ईशान्येकडून येणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर शिडे छान फुगतात; कालव्यात मात्र ती गुंडाळून इंजिनावरच जावे लागते आणि जहाजाचा ताबाही कालव्याच्या पायलटकडे जातो. सुमारे ८० किलोमीटरच्या या मार्गावर गाटुन येथील जलपाशांच्या, म्हणजे दारे लावून पाणी भरता येणाऱ्या बंदिस्त हौदांच्या, तीन पायऱ्यांमध्ये, पंपाविना, केवळ उताराने येणाऱ्या तलावाच्या गोड्या पाण्यावर जहाज २६ मीटर उंच चढते. त्या वेळी केबिनमध्ये मुळीच बसू नये. कठड्याशी उभे राहिल्यास काँक्रीटची ओली भिंत हळूहळू खाली सरकताना दिसते. वाटेत सान ब्लास बेटे लागल्यास तेथील गुना लोकांचे फोटो विचारूनच काढावेत.