टोमॅटो खालून पिवळे का पडतात?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर विटा रचून फूटभर उंचीचे दोन गादीवाफे केले आहेत. मातीचं ओझं नको म्हणून कोकोपीट भरलं, वर थोडं गांडूळखत. मेथी झकास आली, पण टोमॅटो वीतभर झाले आणि खालून पिवळे पडू लागले. आता चार पोती लाल माती आणून मिसळू का? की खाली झाडून जाळतात तो पालापाचोळा चालेल?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : माती नको. फूटभर थराची ओली माती चौरस फुटाला पन्नासेक किलो भरते. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आपल्याकडे चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला १४ किलोसुद्धा नाही. आणि चार पोत्यांची आठ कधी होतात ते कळत नाही, हे तुम्हीही जाणता.

टोमॅटोचं दुखणं साधं आहे. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात ती नत्राच्या उपासमारीने. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो पाणी उत्तम धरतो, पण झाडाचं पोट त्यावर भरत नाही. मेथी महिन्याभरात उपटायची, तिचं भागलं. टोमॅटो खादाड. पानांच्या कडाही करपत असतील तर भुशातले क्षार राहिलेत. कोकोपीटच्या विटा भिजवल्यावर निघालेलं तांबडं पाणी दोन-तीनदा ओतून दिलं होतं का? नसेल तर आता वाफ्यातून भरपूर पाणी वाहू द्या आणि मगच खत द्या.

लगेच करायचं ते असं : १० लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळा, मग दहापट पाणी घालून आठवड्यातून एकदा बुंध्याशी ओता. वास येतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पाचोळा मात्र जाळू देऊ नका, तेच तुमचं सोनं. गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा-फणसाची चिवट पानं चुरून घ्या. निलगिरी टाळा. पाचोळा वरच्याच शेण-गोमूत्राच्या पाण्यात रात्रभर भिजवून थरांनी त्याचा ढीग रचा, दर थरावर शेणखताची पातळ पखरण. मुठीत दाबल्यावर बोटांतून दोन थेंब गळावेत, धार नको. हाताला काळा, भुसभुशीत लागला आणि रानातल्या मातीसारखा वास आला की कोकोपीटमध्ये निम्मा मिसळा. कच्चा मिसळलात तर कुजताना तोच नत्र ओढून घेईल आणि टोमॅटो आणखी पिवळे पडतील. रसवंतीवरच्या चिपाडांचंही तेच. ती फुकट मिळतात म्हणून लोक पोत्याने आणतात आणि तशीच ओततात, मग मुंग्यांची तक्रार करतात! आधी कडक उन्हात वाळवा, तुकडे करा, मगच ढिगात टाका.

वाफा काही महिन्यांत खचेल. घाबरू नका, वरून भर घालत राहा. उंची मात्र आठ-नऊ इंचांवर आणा, कारण भिजलेला पाचोळाही हलका नसतो. वाफे तुळईच्या रेषेवर घ्या आणि एकदा इमारतीच्या इंजिनियरला दाखवा. तळाशी पाणी जायला भोकं हवीत, आणि वाफा थेट लादीवर न टेकवता विटांवर उचलून घ्या, म्हणजे खाली झाडूही फिरेल.